हवा बंद कर

डिझेलचा कॉक. दांडी नळीला आडवी, म्हणजे बंद. दांडीवर बोटांचे काळे ठसे.

*

दाराला कडी. बाहेरून.

*

खोकल्याच्या औषधाची बाटली, अर्धीअधिक भरलेली. बरेच दिवस कुणी उघडलेली नाही. झाकण साखरेने चिकटून बसलंय.

*

भिंतीत रुतलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा, कलिंगडाच्या मोठ्या फोडीएवढा. शेजारी ऑइलपेंटने लिहिलेले सहा शब्द, एकाखाली एक: ओढ. दाब. भडका. फेक. वाफ. सुस्कारा.

*

“एकदाचं हे कायमचं बंद करून टाकतो, मग बस बोंबलत!”

*

एक फळी. तिच्यावर अर्ध्या चंद्रासारखा तेलकट वळ.

*

पोत्याचा बोळा. भिंतीतल्या झरोक्यात कोंबलेला, तोही बाहेरून.

*

“पोरी, मला इंजिनातलं काही नको सांगूस. एवढंच सांग, उरलेला घरात ठेवू की नको?”

१. ओढ

हा शेवटचा प्रश्न आईचा होता आणि तो विचारला होता तपासनीस बाईंना. कारखान्यात माणूस गेला की पोलिसांच्या मागोमाग यायचं, यंत्राला काय झालं ते पाहायचं आणि दोष कुणाचा ते लिहून द्यायचं, हे बाईंचं काम. केस पांढरे होत आले तरी त्यांना या कामाची सवय झाली नव्हती. मोडलेलं यंत्र त्यांना वाचता यायचं. मोडलेल्या घरात खुर्चीवर कसं बसायचं, ते मात्र अजून जमत नव्हतं.

घर आणि कारखाना एकाच आवारात. अलीकडे तीन खोल्या, मध्ये फरशीचं अंगण, पलीकडे पत्र्याच्या छपराची शेड. शेडची बाजूची भिंत पुढे येऊन आईच्या खोलीला चिकटलेली. आईचे दोन मुलगे. थोरला इंजिनं जुळवायचा, धाकटा लेथवर लोखंड कातायचा. थोरल्याने वर्षानुवर्षं खपून सहा स्ट्रोकचं डिझेल इंजिन तयार केलं होतं. त्याच इंजिनाने त्याचा घास घेतला. भल्या सकाळी सुरू केलं, ते काही केल्या आवरेना, वेग चढत गेला, आणि त्याचं बिडाचं फ्लायव्हील, म्हणजे बाजूला फिरणारं जड चाक, फुटलं. एक तुकडा भिंतीत गेला. एक थोरल्याला लागला.

पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. डिझेल बंद असताना डिझेल इंजिन चालत नाही. मग कॉक बंद कसा सापडला? कुणीतरी मागाहून फिरवला. दार बाहेरून कुणी लावलं? धाकट्याने, हे त्याच्या भावजयीने डोळ्यांनी पाहिलं. आदल्या दिवशी भावाशी कोण भांडलं? धाकटाच. आता बाईंचा अहवाल हातात पडायचा अवकाश, की त्याला उचलायचा.

पण आईला पोलिसांशी देणंघेणं नव्हतं.

“दोन होते, एक गेला,” ती म्हणाली. “दुसऱ्याने मारला असेल तर त्याच्या हातचं पाणी कसं पिऊ मी? आणि मारला नसेल, तर इतके दिवस त्याच्याशी बोलले नाही ते कुठं फेडू? ताटात वाढते आणि तोंड फिरवते. किती दिवस फिरवायचं?”

“शोधते मी, आजी.”

“शोध. पण म्हातारी आहे म्हणून मला गोड करून सांगू नकोस हं.”

बाईंचा एक नेहमीचा प्रश्न होता. ‘तुम्ही कुठे होता’ याचं उत्तर माणसं पाठ करून ठेवतात, म्हणून त्या भलतंच विचारायच्या. “हे घडण्याआधी या घरात शेवटचं कोण हसलं होतं?”

आई जरा दचकलीच. मग म्हणाली, “थोरलाच की. इथं दारात उभा राहून. म्हणाला, आई, आता तुला वास यायचा नाही. शेडमधल्या त्या तेलकट धुराने मला ढास लागायची, रात्र रात्र बसून काढायचे मी. खरंच थांबली हो. औषधाला हात लावला नाही त्यानंतर. काय केलं त्यानं कोण जाणे.”

बाईंनी मान हलवली. एका आईची आठवण, इतकंच त्यांना त्या वेळी वाटलं.

तिथेच त्या चुकल्या.

२. दाब

थोरल्याची बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. धाकट्याची ती वहिनी, आणि घरात तेच तिचं नाव झालेलं.

“बसा ना,” बाई म्हणाल्या.

“नको. बसलं की उठवत नाही.”

“मग उभ्यानेच सांगा. काय पाहिलंत?”

“कपडे वाळत घालत होते अंगणात. इंजिनाचा आवाज मला पाठ आहे, झोपेतसुद्धा कळतो. तो एकदम चढायला लागला. चढून चढून शिट्टीसारखा झाला. पत्रे थडथडायला लागले. मग ह्यांचा आवाज आला. ‘बंद कर! बंद कर!’ गळा फाटेस्तोवर ओरडत होते. आणि भावजी बाहेर आले.” तिने पदराने ओटा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. “बाहेर आले, दार ओढलं आणि कडी घातली. माझ्या डोळ्यांदेखत. नवरा आत ओरडतोय, बंद कर, आणि दीर दार बंद करतोय.”

“मग?”

“मग शेडच्या मागे पळाले.”

“मागे कशाला?”

“पळून जायला! आणखी कशाला?”

“मागून रस्त्याला निघता येतं?”

वहिनीने पुन्हा ओटा पुसला. मागे कुंपणाची उंच भिंत होती.

“मग फुटलं,” ती हळूच म्हणाली. “मग तेच धावत आले. कडी काढता येईना त्यांना. हात चालत नव्हते. मी काढली.”

“भांडण कशावरून झालं होतं?”

“नेहमीचंच. भावजी म्हणायचे, साधी चार स्ट्रोकची इंजिनं करू, गिऱ्हाईक उभं आहे दारात. हे म्हणायचे, सहाचं पुरं होईपर्यंत लेथवर दुसरं काम चढणार नाही. भावजी चिडले. म्हणाले, एकदाचं हे कायमचं बंद करून टाकतो.” तिने बाईंकडे पाहिलं. “केलंच की.”

“आणि शेवटचं कोण हसलं होतं?”

ती प्रश्न ऐकून चिडेल असं बाईंना वाटलं होतं. पण तिचा चेहरा सैल झाला. “हेच. तेल मोजायची पट्टी काढून मला दाखवत होते. बघ म्हणाले, लोकांची इंजिनं तेल पितात, माझं पोरगं पीत नाही. इतके दिवस थेंब घातला नाही, तरी पातळी तिथंच. उलट चढतेच आहे. मी म्हटलं, मग काय, कोंबडी अंडं घालते तसं तुमचं इंजिन तेल घालतंय वाटतं! असे हसले, असे हसले...”

बाई पाणी आणायला उठल्या, आणि हातातला पेला नळाखाली धरून तशाच उभ्या राहिल्या. पेला भरून वाहू लागला तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

३. भडका

मास्तर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि थोरल्याला आकडेमोडीत मदत करायचे. शेडमध्ये ते फुटक्या इंजिनाला हात न लावता, लांबूनच उभे होते.

“हे कसं चालतं, मला सांगा,” बाई म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत नाही?”

“मला चार स्ट्रोकपर्यंत माहीत आहे. त्याच्या पुढचं तुम्ही सांगा.”

मास्तरांनी भिंतीवरच्या शब्दांकडे बोट केलं. “स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर किंवा खाली एक खेप. चारांत काय होतं? ओढ: पिस्टन खाली येतो, हवा आत ओढतो. दाब: पिस्टन वर जातो, हवा दाबली जाऊन भयंकर तापते. भडका: त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा, तो आपोआप पेटतो, पिस्टन खाली ढकलला जातो. फेक: परत वर येताना धूर बाहेर. चारांत कामाचा धक्का एकच, बाकीचे तीन त्याच्या सरबराईला.”

“आणि हे खालचे दोन?”

“ते त्याचं वेड.” मास्तरांचा आवाज नकळत वर्गातला झाला. “धूर गेला तरी सिलिंडर तापलेलाच असतो ना? आपण ती उष्णता रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडतो. हा म्हणाला, सोडायची कशाला? त्या तापल्या पोटात पाण्याची पिचकारी मारा. पाण्याची क्षणात वाफ होते, फुगते, पिस्टनला पुन्हा खाली ढकलते. डिझेलचा थेंब न घालता दुसरा धक्का! तो पाचवा स्ट्रोक. सहाव्यात वाफ बाहेर. त्याला त्याने नाव दिलं सुस्कारा.”

“फायदा होतो खरंच?”

“तेवढ्याच डिझेलमध्ये जास्त काम. इंजिन आतूनच गार होतं, मग रेडिएटर लहान पुरतो. आतलं तापमान उतरतं, त्यामुळे विषारी वायूही कमी निघतात. कागदावर पाहाल तर बाई, नाव ठेवायला जागा नाही असं स्थळ आहे.”

“आणि तोटे?”

“ते लग्नानंतर कळतात.” ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. “पाणी अगदी शुद्ध लागतं, नाहीतर आत क्षार धरतो. डिझेलसोबत पाण्याचीही टाकी वागवायची. कडक थंडीत ती गोठणार. गार इंजिनात पाणी सोडता येत नाही, आधी चार स्ट्रोकसारखं नुसतं चालवून तापवावं लागतं, मगच पाण्याचा कॉक उघडायचा. झडपा हलवणारा कॅमशाफ्ट साध्या इंजिनात दोन फेऱ्यांना एकदा फिरतो, इथे तिनांना एकदा. म्हणजे सगळे गिअर नवे कातायचे, आणि ते कातले धाकट्याने. शिवाय गंज. शिवाय पाणी हे असं आहे की जिथे नको तिथे शिरतं.”

“तुमचंही त्याच्याशी बिनसलं होतं म्हणे.”

मास्तरांनी चष्मा काढला. “शोधनिबंधावर कुणाचं नाव आधी, यावरून. तो म्हणाला, सर, तुमचंच घाला आधी, पण पाण्याचं काम नीट होऊ दे मग छापा. मला इतकी लाज वाटली की चार दिवस इकडे फिरकलो नाही. त्या चार दिवसांत हे झालं.” मग ते एकदम घाईने बोलू लागले. “पण पाण्याने हे केलेलं नाही, बाई. त्या सकाळी इंजिन गार होतं. पाण्याचा कॉक बंदच सापडलाय, पाहा. डिझेल बंद, पाणीही बंद. म्हणजे चार स्ट्रोकचा दोष नाही, सहाचाही नाही. मग उरतो कोण? माणूस. मला वाईट वाटतं, पण धाकट्याकडे बघा.”

बाईंनी इंजिनाच्या तोंडात, म्हणजे हवा आत जाते त्या रुंद नळीत, दोन बोटं घातली. हवेची नळी, आत कोरडी असायला हवी.

बोटं काळ्या तेलाने माखून बाहेर आली.

४. फेक

लेथ फिरत होता. चकमध्ये, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्यात, काही नव्हतं. धाकटा रिकाम्या लेथसमोर उभा राहून फिरणाऱ्या पोकळीकडे बघत होता.

“डिझेल तुम्ही केव्हा बंद केलंत?”

“आवाज चढला तेव्हाच. थांबलं नाही ते. वाढलं. कुणाला खरं वाटत नाही.” त्याने खांदे उडवले. “मलाही वाटत नाही. पण केलं होतं.”

“इंजिन तुम्ही चालवायचात?”

“कधीच नाही. मी लोखंड सोलणारा माणूस. इंजिनाचं सगळं दादाकडे. त्या सकाळी मी समेट करायला गेलो होतो. आदल्या दिवशी नको ते बोललो होतो ना.”

“दार का लावलंत?”

लेथ फिरत राहिला.

“लावलं,” तो म्हणाला.

“ते माहीत आहे. का?”

“लावलं म्हटलं ना! तेवढं लिहा तुम्ही. मी लावलं.”

“दादा शेवटचं काय ओरडला?”

“ऐकू नाही आलं मला.”

फार पटकन आलं ते. इतका वेळ प्रत्येक उत्तर ओढून काढावं लागत होतं, आणि हे मात्र जिभेवर तयार होतं. बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“बरं. भांडणाच्या आधी कधीतरी हसला असेल ना तुमचा दादा? शेवटचं?”

धाकट्याचे खांदे उतरले. “हसला होता. एक बिडाचं कव्हर आलं होतं, तुटलेलं. मी ते वेल्ड केलं आणि ते तडकलं. मी त्याला शिव्या घालत होतो. दादा म्हणाला, कव्हराला कशाला, स्वतःला घाल. तापलेल्या बिडाला गार वारा लागला की ते तडकतंच. दार सताड उघडं टाकून वेल्डिंगला बसलास. तुला लहानपणापासून सांगतोय, वेल्डिंगच्या आधी—”

तो थांबला. हात पुढे करून त्याने लेथ बंद केला.

“वेल्डिंगच्या आधी काय?”

“काही नाही.”

“काय सांगायचा दादा?”

“काही नाही म्हटलं ना, बाई!” आणि तो इतका मोठा, दाढी वाढलेला माणूस, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

*

(इथे कुणी बोलत नाही. बाई एकट्या शेडच्या मागे जातात. कुंपण आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढा बोळ. दोन खिडक्या, दोन्हींची दारं बाहेरून लावलेली. वर एक झरोका, मांजरालासुद्धा अंग चोरावं लागेल एवढा. त्यात पोतं कोंबलेलं. झरोक्याखाली एक खिळा, आणि खिळ्याभोवती भिंतीवर मळकट डाग. पोतं त्या खिळ्यावर वर्षानुवर्षं टांगलेलं असणार. बाई पोत्याकडे बराच वेळ पाहतात. माणूस कोंडायचा तर कडी पुरते. ज्या झरोक्यातून हातसुद्धा धड बाहेर निघत नाही, तो कोण बुजवत बसेल? आणि कशासाठी?)

५. वाफ

बाईंनी तिघांना शेडमध्ये बोलावलं. वहिनी दाराशी, मास्तर भिंतीशी, धाकटा मध्ये, कुणाच्याच जवळ नाही.

“इंजिनाच्या तळाला तेलाचं चेंबर असतं,” बाई म्हणाल्या. “फ्लायव्हील बाहेरचं, म्हणून चेंबर शाबूत राहिलंय. त्याचा खालचा नट सैल करा.” हे धाकट्याला.

त्याने ट्रे सरकवला, पाना लावला. नट निघाला.

तेल आलं नाही. पाणी आलं. गंजाने तांबूस झालेलं पाणी, धार धरून, संपता संपेना. मग दुधाळ, साबणाच्या फेसासारखं काहीतरी. आणि सगळ्यात शेवटी, ट्रे जवळजवळ भरल्यावर, काळं तेल, थोडंसंच.

मग वहिनीच म्हणाली, “तेल घालत नव्हतं ते.”

“नाही. पाणी साठवत होतं,” बाई म्हणाल्या. “पाचव्या स्ट्रोकचं सगळं पाणी वाफ होऊन जात नव्हतं. थोडं पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरायचं, रोज थोडं. वरून तेल जळत होतं, खालून पाणी त्याची जागा भरत होतं. पट्टी पातळी दाखवते, पातळी कशाची ते दाखवत नाही. एवढे दिवस सगळ्यांना वाटलं, इंजिन गुणी आहे.”

“मीच म्हणालो होतो त्याला,” मास्तर पुटपुटले. “रिंगा काय झकास बसल्यात, म्हणालो.”

“त्या सकाळी पाण्याचा कॉक बंद होता हे खरं. पण आधीच्या दिवसांचं पाणी खाली होतंच. पातळी इतकी चढली होती की इंजिन सुरू होताच क्रँकने, म्हणजे आत फिरणाऱ्या दांड्याने, ते सगळं घुसळलं. फेस झाला. आणि हा फेस कुठे गेला, तर इथे.” चेंबरच्या वरच्या अंगाला एक छिद्र होतं, आतला धूर बाहेर सोडण्यासाठीचं. त्यातून निघालेली नवी रबरी नळी हवेच्या तोंडात शिरली होती. “डिझेल इंजिनाला डिझेलच हवं असं काही नसतं. हवेबरोबर जळण्याजोगं काही आत आलं की ते पेटवतं, स्वतःचं तेलसुद्धा. ते स्वतःचं तेल प्यायला लागलं. वेग वाढला तशी ओढ वाढली, ओढ वाढली तसं तेल. अशा इंजिनाला डिझेलचा कॉक काय करणार? कॉक यांनी बंद केला, तेव्हाच केला, आणि इंजिन थांबलं नाही. हे खरं बोलत होते.”

धाकट्याने मान वर केली नाही.

“ही नळी इथे कुणी जोडली?” मास्तरांनी विचारलं.

“थोरल्यानेच. क्लिपवर त्याच्या पकडीच्या दातांचे ठसे आहेत.”

“कशासाठी पण? मोकळी सोडायची ना बाहेर!”

बाईंची नजर शेडच्या बाजूच्या भिंतीवर गेली. भिंतीपलीकडे आईची खोली होती. “शेडमध्ये घाण होऊ नये म्हणून,” त्या म्हणाल्या.

“आणि दार?” वहिनीने विचारलं. “दार कुणी लावायला सांगितलं? इंजिनानं?”

“तुम्ही काय ऐकलंत ते परत सांगा.”

“बंद कर. बंद कर.”

“त्याच्या आधी आणखी एक शब्द होता. अंगणापर्यंत तो पोचला नाही. यांच्यापर्यंत पोचला.” बाई धाकट्याकडे वळल्या. “बीड वेल्ड करायच्या आधी दादा तुम्हाला काय सांगायचा?”

त्याने पाना या हातातून त्या हातात घेतला.

“हवा बंद कर,” धाकटा म्हणाला.

“म्हणजे काय करायचं?”

“दार लावायचं. बाहेरून, कारण आतली कडी तुटकी आहे. मग मागे जाऊन खिडक्या. मग झरोक्यात पोतं.” तो पाढा म्हणावा तसं म्हणत होता. “लहानपणापासून तेच. दादा आत, मी बाहेर. दादाने आतून थाप मारली की उघडायचं.”

वहिनीने तोंडावर हात धरला.

“डिझेलने न थांबणारं इंजिन थांबवायला एकच उपाय असतो,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “त्याचं नाक दाबायचं. हवेच्या तोंडावर काहीतरी घट्ट धरायचं. थोरल्याला ते माहीत होतं. ते तोंड तुमच्या बाजूला होतं म्हणून तो तुम्हाला ओरडला. तुम्ही ऐकलंत. शब्द न् शब्द ऐकलात. आणि या शेडमध्ये त्या शब्दांचा जो अर्थ आजवर होता, तोच केलात.”

“इंजिन गुदमरून थांबेल असं वाटलं मला,” धाकटा म्हणाला. “शेडची हवा कोंडली की. दादा सांगतोय म्हणजे बरोबरच असणार. मी पळत मागे गेलो. एक खिडकी लावली, दुसरी लावली. पोतं घालताना आत नजर गेली. दादा फळी घेऊन इंजिनाला वळसा घालत होता. तेव्हा कळलं मला, कुठली हवा ते.”

“मग सांगितलं का नाहीस?” मास्तर ओरडलेच. “तुला फासावर द्यायला निघाले होते लोक!”

“काय सांगू? माझ्या कानाने मारला म्हणून?”

बाईंनी फळी उचलली. “हा वळ बघा. अर्धा आहे, पण आहे. थोरला हवेच्या तोंडापर्यंत पोचला होता. दाराकडे तो गेलाच नाही, दारावर एक थाप नाही. कडीने त्याला मारलं नाही. एवढं मी लिहून देईन.”

“आणि मी नीट ऐकलं असतं तर?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. “तर इंजिन वेळेवर थांबलं असतं कदाचित. किंवा त्या तुकड्याच्या वाटेत तुम्ही असता. ते कुठल्याच तपासात कळत नाही.”

“मी असतो तर चाललं असतं,” धाकटा म्हणाला.

“गप्प बसा, भावजी.”

त्या सकाळनंतर वहिनी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. तिने पुढे होऊन त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि तो भिंतीवर, इतर पान्यांच्या रांगेत, त्याच्या जागी टांगला.

६. सुस्कारा

आई खाटेवर बसली होती, पाठ भिंतीला लावून.

“आजी, त्याने काही केलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “यंत्राचा दोष. तसंच लिहितेय मी. घरात ठेवा त्याला.”

“ऐकलं मी. भिंत पातळ आहे.”

“मग सगळंच ऐकलंत.”

“ती नळी.” आई थांबली. “शेडमध्ये घाण होऊ नये म्हणून लावली, म्हणालीस तू.”

बाईंनी अहवालाचे कागद सारखे केले.

“थोरल्याची शेड तू पाहिलीस ना? हात पुसायचं फडकं सापडायचं नाही तिथं. त्याला कधीपासून घाणीची पर्वा?” आईने मागे हात नेऊन भिंतीवर तळवा टेकला. “गोड करून सांगू नको म्हटलं होतं मी तुला.”

“हो,” बाई म्हणाल्या. “वास तुमच्या खोलीत येऊ नये म्हणून लावली होती.”

“मी मागे लागले होते त्याच्या.”

“त्याला तेव्हा माहीत नव्हतं की खाली पाणी साठतंय. कुणालाच नव्हतं. पाणी नसतं तर नळीने काही झालं नसतं.”

“आणि नळी नसती तर पाण्याने?”

आईला उत्तर नको होतंच.

“धाकट्याला माहीत आहे?”

“नाही.”

आई खाटेची कड धरून उठली. “मी तुला विचारत होते त्याला घरात ठेवू का. आता मला घरात ठेवतोस का, हे त्याला विचारायला पाहिजे.”

“त्याला सांगणार आहात तुम्ही?”

“तो इतके दिवस एकटाच ओझं घेऊन बसलाय. अर्धं माझं आहे त्यातलं. न सांगून कसं चालेल?”

बाई आधाराला पुढे झाल्या, तर तिने हात झटकला. चपला घातल्या नाहीत. अंगणातल्या तापलेल्या फरशीवरून ती अनवाणीच पलीकडे गेली आणि शेडच्या दारात उभी राहिली. धाकटा खाली बसून ट्रेमधलं पाणी डब्यात ओतत होता. त्याने वर पाहिलं. आईने तोंड फिरवलं नाही.

“ये,” ती म्हणाली. “जेवून घे आधी. मग तुझ्याशी बोलायचंय.”

ते इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी त्याचं हँडल आईने मारलं होतं, आणि दोन्ही मुलांचे हात तिच्या हातांवर होते.